अ‍ॅड्रेसेबल एलईडी पट्टी निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीची आरास, दिवाळीचा आकाशकंदील, विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृती किंवा घरातल्या कपाटामागचा मंद प्रकाश अशा कामांसाठी अ‍ॅड्रेसेबल पट्टी (जिच्या प्रत्येक दिव्याचा किंवा छोट्या गटाचा रंग स्वतंत्रपणे बदलता येतो) घेऊ पाहणाऱ्यांना खरेदीपूर्वी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांमागे एक क्रम आहे: आधी जागा पाहावी, मग विजेचा हिशेब करावा आणि चिप त्यानंतर ठरवावी. बहुतेक जण याच्या उलट जातात. ते चिपचा क्रमांक वाचून पट्टी मागवतात आणि तिला वीज कशी पुरवायची याचा विचार पट्टी हातात आल्यावर करतात. शेवटच्या टोकाला पांढरा रंग पिवळसर दिसणे, दिवे लुकलुकणे, कंट्रोलर (पट्टीला रंगांची माहिती पाठवणारा बोर्ड) मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होणे या तक्रारींचे मूळ प्रोग्रॅमपेक्षा विजेत असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

अ‍ॅड्रेसेबल पट्टी आणि साधी रंगीत पट्टी यांत नेमका फरक काय, आणि दुकानात ती ओळखायची कशी?

साध्या आरजीबी पट्टीत सर्व दिवे एकाच वेळी एकच रंग दाखवतात. तिच्या टोकाला चार पॅड (वायर सोल्डर करण्याचे तांब्याचे ठिपके) असतात, एक धन व्होल्टेजचा आणि उरलेले तीन लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे. अ‍ॅड्रेसेबल पट्टीत प्रत्येक दिव्याला, किंवा दिव्यांच्या प्रत्येक छोट्या गटाला, स्वतःची नियंत्रक चिप असते. पहिली चिप डेटा वायरवरून आलेली पहिली माहिती स्वतःसाठी ठेवते आणि उरलेली पुढे पाठवते, दुसरी चिपही तेच करते, आणि अशा रीतीने शेवटच्या दिव्यापर्यंत ज्याचा त्याचा रंग पोहोचतो. चिपमध्ये पत्ता असा कोठेही लिहिलेला नसतो. रांगेतील जागा हाच तिचा पत्ता. म्हणूनच पट्टी कापण्याच्या कोणत्याही रेषेवर कापली आणि तुकडे कोणत्याही क्रमाने जोडले, तरी ती चालते.

ओळखण्याची खूण म्हणजे तीन पॅड (५ किंवा १२ व्होल्ट, डेटा आणि ग्राउंड) आणि डेटाची दिशा दाखवणारा बाण. डब्ल्यूएस२८१२बी प्रकारच्या दिव्यात नीट पाहिले, तर पांढऱ्या चौकटीच्या आत रंगांच्या तीन ठिपक्यांशेजारी चिपचा एक छोटा काळसर चौकोनही दिसतो. चार पॅड दिसले म्हणून पट्टी साधीच असेल असे मात्र नाही, कारण काही अ‍ॅड्रेसेबल पट्ट्यांना क्लॉकची (डेटाचा ताल ठरवणारी) किंवा पर्यायी डेटाची चौथी वायर असते. पॅडशेजारी छापलेली अक्षरे वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पहिल्याच प्रकल्पासाठी कोणती चिप घ्यावी?

प्रकल्प लहान असेल, म्हणजे साधारण दोन मीटरपर्यंतचा आणि घरातला, तर ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी घ्यावी. तिच्यासाठी लिहिलेली उदाहरणे सर्वांत जास्त आहेत, ती सहज मिळते, आणि अडल्यास मदत करू शकणारेही अनेक भेटतात. अ‍ॅडाफ्रूट ही अमेरिकी कंपनी याच कुळातील दिवे निओपिक्सेल या नावाने विकते. त्यामुळे निओपिक्सेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम या पट्टीवर चालतो.

डब्ल्यूएस२८११ ही चिप दिव्याच्या बाहेर, पट्टीवर वेगळी बसवलेली असते. तिची १२ व्होल्टची पट्टी सामान्यतः तीन-तीन दिव्यांच्या गटात चालते, म्हणजे मीटरला ६० दिवे दिसले तरी स्वतंत्रपणे बदलता येणारे गट २०च असतात. दुरून पाहायच्या आराशीसाठी हे पुरेसे असते, पण अक्षरे किंवा बारीक नक्षी दाखवायची असेल तर अजिबात पुरत नाही. डब्ल्यूएस२८१५ ही १२ व्होल्टवर चालूनही प्रत्येक दिवा वेगळा चालवते आणि तिला पर्यायी डेटा वायरही असते. एसके६८१२ मध्ये तीन रंगांसोबत स्वतंत्र पांढरा दिवा मिळू शकतो. एपीए१०२ आणि तिच्यासारखीच एसके९८२२ यांना डेटासोबत क्लॉकची वायर लागते. त्या महाग आहेत, पण वेगवान कामांसाठी उत्तम आहेत.

५ व्होल्ट घ्यावे की १२ व्होल्ट?

या निवडीवर पुढचे जवळजवळ सर्व काही अवलंबून असते, म्हणून येथे थोडे थांबून हिशेब करणे योग्य ठरेल. मीटरला ६० दिव्यांच्या पाच मीटर पट्टीत ३०० दिवे असतात. डब्ल्यूएस२८१२बीचा एक दिवा पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो असे धरण्याची पद्धत आहे, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी २०. त्या हिशेबाने ३०० दिव्यांना १८ अँपिअर लागतात आणि ५ व्होल्टला ते ९० वॅट होतात. आता एवढा प्रवाह कागदासारख्या पातळ तांब्याच्या थरातून पाच मीटर लांब नेला, तर वाटेत व्होल्टेज पडणारच. हिरव्या आणि निळ्या दिव्याला पेटण्यासाठी लाल दिव्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे टोकाकडे आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि पांढऱ्याचा पिवळा व पिवळ्याचा तांबूस होत जातो.

तेवढ्याच लांबीच्या १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८११ पट्टीला सुमारे ६ अँपिअर पुरतात, कारण एका प्रवाहात तीन दिवे एकापाठोपाठ एक पेटतात. प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर आला की व्होल्टेजची घटही त्याच प्रमाणात कमी होते, आणि १२ पैकी अर्धा व्होल्ट गमावणे हे ५ पैकी अर्धा गमावण्यापेक्षा मुळातच कमी त्रासाचे असते.

माझे मत असे की दोन मीटरपर्यंत ५ व्होल्ट, तीन मीटरच्या पुढे १२ व्होल्ट आणि मधल्या लांबीला जवळ असलेल्या पॉवर सप्लायनुसार निर्णय घ्यावा. पॉवर सप्लाय घरात आणि पट्टी गॅलरीत किंवा अंगणात असेल, तर लांबी कितीही कमी असली तरी १२ व्होल्टच सोयीचे. दुसरा मार्ग म्हणजे १२ व्होल्ट लांबवर न्यावेत आणि पट्टीजवळ पुरेशा क्षमतेचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारे मॉड्यूल) लावून तेथे ५ व्होल्ट करून घ्यावेत. १२ व्होल्टच्या पट्टीलाही डेटा मात्र ५ व्होल्टच्या पातळीचाच द्यायचा असतो. डेटाच्या पॅडला चुकून १२ व्होल्टची वायर टेकली तर चिप जळते, म्हणून अशा पट्टीवर काम करताना वीज पूर्ण बंद ठेवूनच हात लावावा.

पॉवर सप्लाय किती अँपिअरचा घ्यावा? प्रत्येक दिव्याला खरोखरच ६० मिलिअँपिअर लागतात का?

सर्व दिवे पूर्ण तेजाने पांढरे असतील तरच तो आकडा गाठला जातो, आणि चिपच्या काही नव्या आवृत्त्या प्रत्येक रंगाला १२ मिलिअँपिअरच घेतात, म्हणजे एकूण ३६. घरात डोळ्यांना सुखावणारे तेज साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असते. त्याहून अधिक तेज बंद खोलीत सहन होत नाही. त्यामुळे रोजच्या वापरातील प्रवाह हिशेबाच्या आकड्यापेक्षा पुष्कळच कमी निघतो.

असे असले तरी प्रोग्रॅममधल्या एका चुकीने सर्व दिवे क्षणात पूर्ण पांढरे होऊ शकतात. त्या क्षणाची सोय दोन प्रकारे करता येते. एक तर पूर्ण पांढऱ्याचा हिशेब करून त्यावर २० टक्के जास्तीचा पॉवर सप्लाय घ्यावा. नाहीतर लहान पॉवर सप्लाय घेऊन प्रोग्रॅममध्ये प्रवाहाची कमाल मर्यादा घालावी; फास्टएलईडी या तयार कोडच्या लायब्ररीत व्होल्ट आणि मिलिअँपिअर सांगून ही मर्यादा घालता येते आणि डब्ल्यूएलईडी या तयार सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय तयारच असते. दुसरा मार्ग निवडला तरी फ्यूज मात्र वगळू नये.

उदाहरणादाखल पाच टोकांची चांदणी घेऊ. तिच्या बाहेरच्या दहा कडा प्रत्येकी २० सेंटिमीटरच्या असतील तर एकूण लांबी दोन मीटर होते, मीटरला ६० प्रमाणे १२० दिवे लागतात आणि पूर्ण पांढऱ्याला ७.२ अँपिअर, म्हणजे ३६ वॅट होतात. ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस प्रकारचा पॉवर सप्लाय येथे निर्धास्तपणे चालतो. तीच चांदणी एक तृतीयांश तेजाने चालवायची आणि मर्यादा घालायची ठरवली, तर ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टरही पुरतो. मोबाइलचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर पूर्ण पांढरे असे तीसेक दिवेच पेलू शकतो.

दिवे विझलेले असतानाही प्रत्येक चिप जवळपास १ मिलिअँपिअर घेत राहते. ३०० दिव्यांच्या पट्टीला हे सुमारे दीड वॅट होतात. बॅटरीवर चालणाऱ्या प्रकल्पात याचा फरक पडतो, म्हणून तेथे पट्टीची वीजच रिलेने किंवा मॉस्फेटने (दोन्ही कंट्रोलरने चालवता येणारे स्विच) तोडण्याची व्यवस्था करावी.

पट्टीला मधेमधे वीज जोडावी म्हणतात, ती कशी आणि किती जाडीच्या वायरने?

पट्टीवरील तांब्याच्या थरावर भार न टाकता, जाड वायरने पॉवर सप्लायपासून थेट पट्टीच्या मधल्या आणि शेवटच्या बिंदूंवर धन आणि ग्राउंड जोडणे, इतकाच त्याचा अर्थ. मीटरला ६० दिव्यांच्या ५ व्होल्टच्या पट्टीला साधारण दर अडीच मीटरला अशी जोडणी द्यावी, आणि पट्टी पाच मीटरची असेल तर किमान दोन्ही टोकांना तरी द्यावीच. डेटा वायर मात्र एकाच टोकातून जाते.

वायरिंगच्या दुकानातली नेहमीची तांब्याची वायर या कामाला उत्तम. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम असतो. पॉवर सप्लाय दोन मीटर दूर असेल तर जाणारी आणि येणारी मिळून चार मीटर वायर होते, आणि १० अँपिअरला त्यात जवळपास अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. ५ व्होल्टमधला अर्धा व्होल्ट म्हणजे दहावा हिस्सा. म्हणून तेथे २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी किंवा पॉवर सप्लाय जवळ आणावा. जवळ आणणे शक्य असेल तर तेच करावे, ते स्वस्तही पडते.

प्रत्येक शाखेला स्वतंत्र फ्यूज असावा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे ब्लेड फ्यूज आणि त्यांचे होल्डर यासाठी चांगले चालतात. मोठ्या प्रवाहाच्या ५ व्होल्टच्या पॉवर सप्लायला शॉर्ट सर्किट झाल्याचे कळेपर्यंत पातळ वायरचे आवरण वितळलेले असते, आणि २०१८च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोल आल्यापासून मखरे पुठ्ठा, कापड आणि बांबूची होऊ लागली आहेत, हे लक्षात घ्यावे. फ्यूजची किंमत पट्टीच्या तुलनेत नगण्य आहे.

एकाऐवजी दोन पॉवर सप्लाय वापरायचे असतील, तर दोन भागांमधली धन वायर तोडावी आणि ग्राउंड मात्र सर्वांचे एकत्र ठेवावे. कंट्रोलरला वेगळी वीज दिली असली तरी त्याचे ग्राउंड पट्टीच्या ग्राउंडला जोडलेले असलेच पाहिजे. ते नसेल तर डेटाला संदर्भच राहत नाही आणि दिवे मनमानी रंग दाखवतात.

मीटरला ३०, ६० की १४४ दिवे?

पट्टी उघडी दिसणार आहे की कागद, कापड किंवा दुधी अ‍ॅक्रिलिकच्या मागे असणार आहे, यावर हे ठरते. मीटरला ३० असतील तर दोन दिव्यांत सुमारे ३३ मिलिमीटर अंतर असते, ६० असतील तर १७ आणि १४४ असतील तर ७. दिव्यांचे वेगवेगळे ठिपके दिसू नयेत असे वाटत असेल, तर समोरचा पडदा पट्टीपासून किमान या अंतराइतका दूर ठेवावा, शक्य तर दीडपट. आकाशकंदिलात एवढी जागा सहज असते, म्हणून तेथे मीटरला ३० सुद्धा पुरतात. अरुंद अ‍ॅल्युमिनियम चॅनेलमध्ये जेमतेम एक सेंटिमीटर जागा असते. तेथे १४४ ची पट्टी किंवा सलग प्रकाश देणारी अ‍ॅड्रेसेबल सीओबी पट्टी घ्यावी.

कंदिलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मधोमध नळीवर पट्टी गुंडाळली तर कागदावर रंगांची सरमिसळ होते आणि केलेली नक्षी कोणालाही दिसत नाही. तेवढ्यासाठी साधी आरजीबी पट्टीही चालली असती. पट्टी कागदाच्या लगत, कडांच्या आतून लावली तरच धावणारा प्रकाश खालून जाणाऱ्याला कळतो.

१४४ दिव्यांची एक मीटर पट्टी पूर्ण तेजाने सुमारे ४३ वॅट घेते आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होते. ती अ‍ॅल्युमिनियमवर चिकटवलेली नसेल तर तेज कमी ठेवावे.

स्वतंत्र पांढरा दिवा असलेली आरजीबीडब्ल्यू पट्टी घेण्यात अर्थ आहे का?

दिव्यांकडे पाहायचे असेल तर नाही, दिव्यांच्या उजेडात दुसरे काही पाहायचे असेल तर निश्चित आहे. लाल, हिरवा आणि निळा मिसळून होणारा पांढरा डोळ्यांना पांढरा वाटतो, पण त्यात मधल्या छटांचा प्रकाश फारच कमी असतो. शाडूच्या मूर्तीवर, हळदी-कुंकवावर, झेंडूच्या फुलांवर असा प्रकाश पडला की रंग निर्जीव आणि थोडे परके दिसतात. एसके६८१२च्या आरजीबीडब्ल्यू पट्टीतला उबदार पांढरा दिवा हा फरक लगेच दाखवून देतो. मूर्तीवर उबदार पांढरा आणि मागच्या पडद्यावर रंग, ही योजना मला सर्वांत भावते. अशा पट्टीला प्रत्येक दिव्यामागे २४ ऐवजी ३२ बिट पाठवावे लागतात, त्यामुळे लायब्ररीत योग्य प्रकार निवडला नाही तर रंग एकेका दिव्याने सरकत गेल्यासारखे दिसतात.

ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डाची पट्टीशी थेट जोडणी चालते का?

अनेकदा चालते, आणि गोंधळ नेमका तेथेच सुरू होतो. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बीला डेटाचा उच्च स्तर पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट तरी हवा असतो आणि ईएसपी३२, ईएसपी८२६६ किंवा रास्पबेरी पाय पिको ३.३ व्होल्टच देतात. टेबलावर छोट्या वायरने सर्व ठीक दिसते, आणि मखरात बसवल्यावर, वायर लांबल्यावर दिवे लुकलुकू लागतात.

खात्रीचा उपाय म्हणजे मध्ये ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी२४५ ही आयसी ५ व्होल्टवर चालवून लावणे. नावातील ‘सीटी’ ही अक्षरे महत्त्वाची आहेत, कारण याच आयसी २ व्होल्टच्या पुढचा सिग्नल उच्च मानतात. नुसत्या ‘एचसी’ मालिकेला ती सवलत नाही. बाजारात मिळणारे, मॉस्फेट आणि १० किलोओहमचे रेझिस्टर असलेले दुहेरी लेव्हल शिफ्टर (सिग्नलचे व्होल्टेज बदलणारे) आय२सी या संथ जोडणीसाठी चांगले असतात, पण या पट्टीच्या ८०० किलोहर्ट्झच्या डेटासाठी ते संथ पडतात.

आयसी हाताशी नसेल तर एक जुनी युक्ती चालते. पहिल्या एका दिव्याला १एन४००१ डायोडमधून वीज द्यावी. त्याला सुमारे ४.३ व्होल्ट मिळतात, त्याची डेटाची अट ३ व्होल्टवर येते आणि ३.३ व्होल्टचा सिग्नल त्याला पुरतो. तो पुढे ४.३ व्होल्टचा सिग्नल पाठवतो, जो उरलेल्या पट्टीला पुरेसा असतो. डायोड एका दिव्यापुरताच आहे, पूर्ण पट्टीचा प्रवाह त्यातून नेऊ नये.

याशिवाय डेटा वायरवर, पट्टीच्या तोंडाशी, ३०० ते ५०० ओहमचा एक रेझिस्टर आणि वीज जोडणीवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. ५ व्होल्टला १० व्होल्टचा कपॅसिटर आणि १२ व्होल्टला २५ व्होल्टचा घ्यावा.

अर्डुइनो उनो पुरेल का, की ईएसपी३२च हवा?

शंभर-दोनशे दिव्यांना अर्डुइनोचा उनो किंवा नॅनो हा बोर्ड पुरतो आणि तो ५ व्होल्टचा असल्याने वरची लेव्हल शिफ्टरची कटकटही टळते. प्रत्येक दिव्याला ३ बाइट स्मृती लागते आणि उनोजवळ एकूण २ किलोबाइटच असते. त्यामुळे पाचशेच्या आसपास त्याची मर्यादा येते. शिवाय डेटा पाठवताना त्याला इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरीकडे लक्ष देण्याची सोय) बंद ठेवावे लागतात, म्हणून रिमोटचा इन्फ्रारेड रिसीव्हर सोबत लावला तर बटणे दाबूनही कधी कधी प्रतिसाद मिळत नाही. ईएसपी३२मध्ये हे काम वेगळे हार्डवेअर सांभाळते. किंमत, वायफाय आणि स्मृती पाहता नवा बोर्ड घ्यायचा असेल तर ईएसपी३२ घेण्याकडेच माझा कल आहे.

वेगाची मर्यादा कंट्रोलरपेक्षा पट्टीचीच असते. एका दिव्याचे २४ बिट जायला ३० मायक्रोसेकंद लागतात. ३०० दिव्यांना ९ मिलिसेकंद, १००० दिव्यांना ३० मिलिसेकंद. हजार दिवे एका वायरवर असतील तर सेकंदाला तेहतीसच्या वर चित्रे बदलणे शक्य नाही, म्हणून मोठ्या कामात पट्टीचे भाग करून त्यांना वेगवेगळ्या पिनांवरून डेटा द्यावा.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर?

डब्ल्यूएलईडी हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर ईएसपी३२ वर संगणकाच्या ब्राउझरमधूनच चढवता येते. त्यानंतर दिव्यांची संख्या, चिपचा प्रकार आणि प्रवाहाची मर्यादा भरली की मोबाइलवरून रंग आणि हालचाली निवडता येतात. लाल मागितल्यावर हिरवा लागला तर पट्टी सदोष समजू नये. डब्ल्यूएस२८१२बी रंग हिरवा-लाल-निळा या क्रमाने घेते आणि इतर चिपांचा क्रम वेगळा असतो. तो सेटिंगमध्ये बदलता येतो.

गॅलरीत किंवा पावसात लावायची असेल तर कोणती पट्टी घ्यावी?

पाणी आणि धूळ यांपासूनचे संरक्षण आयपी क्रमांकाने सांगतात: आयपी३० म्हणजे उघडी पट्टी, आयपी६५ म्हणजे वरून सिलिकॉनचा थर आणि आयपी६७ म्हणजे पूर्ण सिलिकॉनच्या नळीत घातलेली. छपराखालच्या गॅलरीत आयपी६५ चालते, पावसाचा मारा थेट बसत असेल तर आयपी६७ घ्यावी. गणेशोत्सव ऐन पावसाळ्यात येतो, आणि कोकणात त्यात खाऱ्या हवेची भर पडते. तेथे उघड्या पट्टीचे पॅड फार लवकर हिरवे पडतात.

पट्टी कापली की तिचे कवच त्या जागी संपते, आणि पाणी नेमके तेथूनच शिरते. कापलेली टोके सिलिकॉनने बंद करावीत, पण व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते. ट्यूबवर न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले घ्यावे.

२३० व्होल्ट घराबाहेर नेऊ नयेत. जाळीदार धातूच्या एसएमपीएसची टोके उघडी असतात, म्हणून तो घरात, मुलांच्या हाताला न लागेल अशा ठिकाणी आणि अर्थिंग जोडूनच ठेवावा. घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर दिव्यांवर खर्च करण्यापूर्वी तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे का दिसतात?

दिवे अतिशय वेगाने चालू-बंद होऊन तेज कमी-जास्त करतात. जुन्या डब्ल्यूएस२८१२बीचा हा वेग सेकंदाला सुमारे ४०० वेळा आहे. डोळ्यांना तो जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. तेज कमी ठेवले की पट्टे वाढतात. चित्रीकरण हाच उद्देश असेल, किंवा फिरत्या दांड्यावर हवेत अक्षरे उमटवायची असतील, तर सुमारे २० किलोहर्ट्झवर चालणारी एपीए१०२ घ्यावी. इतर कोणत्याही कामासाठी तिचा जादा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

पट्टी कोठे कापावी आणि जोडण्यासाठी क्लिप वापराव्यात की सोल्डर करावे?

पॅडच्या मधोमध छापलेल्या रेषेवरच कापावी. १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८११मध्ये ही रेषा दर तीन दिव्यांनी येते, त्यामुळे मापे पाच सेंटिमीटरच्या पटीत ठेवावी लागतात. हे चौकटीचे माप काढण्यापूर्वीच पाहून घ्यावे. दाबून बसवायच्या क्लिप चाचणीपुरत्या ठीक असतात. कायमच्या कामात त्यांचा संपर्क सैल होतो आणि दोष शोधण्यात संध्याकाळ जाते, म्हणून सोल्डर करणेच बरे. वरच्या चांदणीत दहा तुकडे होतात, म्हणजे नऊ सांधे आणि चोपन्न सोल्डर बिंदू. एवढे काम नको असेल तर पट्टीऐवजी वायरने जोडलेल्या पिक्सेल दिव्यांची माळ घ्यावी, ती कोपऱ्यांवर सहज वळते.

जोडण्याआधी बाणाची दिशा प्रत्येक तुकड्यावर पाहावी. मागचा गोंद दमट हवेत सुटतो, म्हणून पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा आणि टोकांना छोट्या पट्ट्यांनी आधार द्यावा.

एक दिवा बिघडला तर पुढची पूर्ण पट्टी जाते का?

डब्ल्यूएस२८१२बीमध्ये बहुधा जाते, कारण डेटा बिघडलेल्या चिपमधूनच पुढे जायचा असतो. डब्ल्यूएस२८१३ आणि डब्ल्यूएस२८१५ यांना पर्यायी डेटा वायर असल्याने एखादा दिवा गेला तरी पुढचे चालू राहतात. लागोपाठचे दोन गेले तरच रांग तुटते. उंचावर, हात न पोहोचणाऱ्या जागी बसवायचे असेल तर हा एक गुण जास्तीच्या किमतीला पुरेपूर पात्र आहे. पर्यायी वायर नसलेल्या पट्टीत दुरुस्ती म्हणजे बिघडलेला दिवा कापून काढून त्या जागी नवा सोल्डर करणे. विझलेल्या पहिल्या दिव्याइतकाच त्याच्या आधीचा, शेवटचा पेटलेला दिवाही संशयित असतो, कारण त्याचे डेटाचे आउटपुट गेलेले असू शकते.

खरेदी कोठून करावी आणि घेताना काय तपासावे?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे प्रत्यक्ष पाहून घेता येते, आणि पट्टी हातात घेऊन पॅडवरची अक्षरे वाचण्याचा लाभ ऑनलाइन खरेदीत नाही. दुकानदाराला ‘पिक्सेल पट्टी’ एवढेच न सांगता व्होल्टेज, चिप, मीटरमागे दिवे आणि कवच या चारही गोष्टी सांगाव्यात. एका प्रकल्पासाठी लागणारी सर्व पट्टी एकाच वेळी, एकाच रिळातून घ्यावी, कारण वेगवेगळ्या खेपांच्या रंगछटांत फरक पडतो आणि तो पांढऱ्यात लगेच उठून दिसतो. हिशेबापेक्षा अर्धा मीटर अधिक घ्यावी. त्याच खेपेचे दिवे दुरुस्तीला कामी येतात.

घरी आणल्यावर रीळ उलगडूनच चाचणी करावी, गुंडाळलेली पट्टी तेजाने लावल्यास तापते. कमी तेजावर आधी सर्व दिवे लाल, मग हिरवे, मग निळे आणि शेवटी पांढरे करून पाहावेत. एखाद्या दिव्याचा एकच रंग मेलेला असेल तर तो मिश्र रंगात लपतो, पण असा एकेक रंग लावल्यावर सुटत नाही. ही चाचणी पट्टी कापण्याच्या आधी करावी, कारण कापलेली पट्टी कोणताही दुकानदार परत घेत नाही.